लाखाच्या नोटेची पुडी

ला पाल्मिता, ११ जुलै २०२१

बाबा, आशीर्वाद.

(मागून ठेवतो, द्यायचा की नाही ते तुमचं.) लिहायचं लिहायचं म्हणून मार्चपासून हा कागद खिशात घेऊन हिंडतोय. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा हिवतापाने धरलं. ताप उतरला तर कागदावर कॉफी सांडली, तो डाग वर दिसतोच आहे (तुम्हाला नाही, मावशींना दिसेल). खरं कारण वेगळं होतं. फोनवर माझा आवाज आला की तुम्ही फोन ठेवता. पत्राचंही तेच झालं तर, ही भीती. मग एउलोहियाने सांगितलं की तुम्हाला आता सगळं शेजारच्या ओमाइरा मावशीच वाचून दाखवतात. म्हटलं, झालं काम. मावशींच्या हातातलं पत्र काढून घ्यायची हिंमत अख्ख्या गल्लीत कुणाची नाही.

मावशी, मध्येच थांबून त्यांच्या तोंडाकडे बघू नका. ते उठून अंगणात जातात.

ही एउलोहिया म्हणजे बटाटे-टोमॅटोचा ट्रक घेऊन तुमच्या मराकायहून इथे या खाणीच्या गावात येते ती. तुमच्याकडे टोमॅटो तीच टाकते ना? तिनेच सांगितलं की तुम्ही दारातल्या रिकाम्या खुर्चीला "उभे का, आत या" म्हणालात. ती हसत सांगत होती आणि मीही हसलो, पण हातातला आरेपा, मक्याची भाकरी, तसाच खाली ठेवला. डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू पिकलाय, वर्ष सरायच्या आत काढला नाही तर डावा डोळा कायमचा जाणार. आणि तुम्ही म्हणे पेन्शन साठवताय. बाबा, तुमच्या पेन्शनमध्ये डॉक्टर डोळ्याकडे बघणारसुद्धा नाही, काढणं लांबच.

म्हणून सोनं पाठवतोय. या पत्रासोबत एक पुडी आहे. उघडताना पंखा बंद करा, आणि मावशी, कृपा करून शिंकू नका.

शिंकेचं सांगतो. मी खाणीत नाही आता. खड्ड्यात पाण्याचा पाइप धरून कंबरभर चिखलात उभं राहायचं काम मी पावसाळाभर केलं, पुरे झालं. आता केस कापतो. सीमेपलीकडे कुकुताला असताना एका म्हाताऱ्या न्हाव्याकडे शिकलो होतो (त्याच्याकडे एक पोपट होता, गिऱ्हाइकाला शिव्या द्यायचा, त्याची गोष्ट वेगळी सांगेन). निनोस्का म्हणून एका बाईंचं किराणा दुकान आहे, त्यांच्या पडवीत माझी खुर्ची. एका डोक्याला एक पुंतो, म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग सोनं. गिऱ्हाईक पुडी उघडतं, चिमट्याने कण काढतं, काट्यावर ठेवतं. परवा एका खाणवाल्याने माझी मजुरी काट्यावर ठेवली आणि मला शिंक आली. कण गेला तो गेला. खाली कापलेले केस, त्यात आम्ही दोघं रांगतोय. निनोस्का काउंटरवरून म्हणतात, "येंडर, सापडलं नाही तर केसच तोलून घे, त्यांनाही भाव येईल एक दिवस."

पण हसा किती हसायचं ते. हा एवढासा कण इथे चालतो, ब्राझीलमध्ये चालतो, तुमच्या डॉक्टरकडेही चालेल. त्याच्यावर कुणाचा चेहरा नाही, कुणाची सही नाही. त्याला वाढवायला कुणी कारकून शून्य जोडत नाही, आणि लाज वाटली म्हणून कुणी शून्यं कापतही नाही. सरकारने पहिल्यांदा नोटेची तीन शून्यं कापली, मग पाच. आता म्हणे सहा कापणार. सोन्याचं आजवर एक शून्य कापलेलं ऐकलंय कुणी?

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा नोटांच्या छापखान्याने जी रक्कम दिली, तिच्यात घराचं छप्पर होणार होतं. तुम्ही म्हणालात, थोडं थांबू, भाव उतरतील. मग तिच्यात फ्रिज येत होता. मग कोंबडी. शेवटी त्या रकमेची मी अंडी आणली, आणि येताना त्यातलं एक फुटलं. आयुष्यभर नोटा तपासून पास करणारा माणूस, आणि त्याचं छप्पर असं अंड्यात संपलं. मला राग त्याचा आहे, तुमचा नाही.

पुडी लाखाच्या जुन्या नोटेची आहे. इथे सगळे तसंच करतात. मेलेली नोट मऊ असते, घडी नीट बसते, घामाने फाटत नाही. कागद तुम्ही चांगला काढला होता, ते मान्य.

तुमचा येंडर


ला पाल्मिता, ८ ऑगस्ट

बाबा, आशीर्वाद.

एउलोहिया काल आली. टोमॅटोच्या पेटीतून तिने एक वर्तमानपत्राची सुरळी काढली आणि माझ्या हातात ठेवली. सोडून बघतो तर माझंच सोनं, कणही कमी नाही. आणि नोट गायब!

"हे काय?" म्हटलं.

"मला काय विचारतोस? ओमाइराने पत्र वाचलं. तुझा बाप ऐकत बसला. मग म्हणाला, पुडी द्या. बोटांनी चाचपली, कण एका बशीत काढून ठेवले, आणि नोट घेऊन आत गेला. इस्त्री तापल्याचा वास आला."

"इस्त्री?"

"नोटेला इस्त्री केली रे त्याने! पातळ फडकं ठेवून. मग येऊन म्हणाला, सांगा त्याला, नोट माझी होती म्हणून ठेवून घेतली. सोनं कुणाचं आहे ते त्याला तरी माहीत आहे का?"

आणि आशीर्वाद? म्हटलं, एउलोहिया, आशीर्वाद काही दिला? ती पाठमोरी होऊन बटाटे मोजायला लागली. म्हणजे नाही. लहानपणी मी दार उघडून नुसतं "बाबा, आशीर्वाद" ओरडायचो, आणि तुम्ही पेपरमधून डोकं न काढता "देव भलं करो तुझं" म्हणायचात. शिंकलेल्याला सवयीने काही भलं म्हणावं तसं. कुकुताच्या पुलावर मी नोटांच्या पिशव्या विणून विकतो हे तुम्हाला कळलं, तेव्हापासून तेवढंही बंद आहे. बाबा, त्या पिशवीला गिऱ्हाईक होतं. नोटेला नव्हतं. हे मी तेव्हाही म्हणालो होतो, आजही म्हणतो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सोनं कुणाचं ते मला माहीत आहे, ते माझं आहे. मी एकेक डोकं भादरून मिळवलंय. त्याच्या आधी ते ज्याचं होतं त्याचं होतं, आणि त्याचीच तर मजा आहे. सोन्याला मागचं काही आठवत नाही. ते हातात आलं की व्यवहार संपला. नोट घेतली की माणूस सरकारवर भरवसा टाकतो, गव्हर्नरच्या सहीवर टाकतो, उद्याच्या सकाळवर टाकतो. मला एवढ्या लोकांवर भरवसा टाकायचा कंटाळा येतो. मी फक्त काट्यावर टाकतो.

(काट्यावरून आठवलं, इथे दोलार नावाचा कुत्रा आहे. त्याला बघितलं की सगळ्यांचा हात आपोआप त्याच्या डोक्यावर जातो. त्याच्याच आईचं दुसरं पिल्लू, त्याला आपल्या नोटेचं नाव, बोलिवार. ते रोज बारीक होत गेलं. मी त्याला कसाबे, कंदाच्या पिठाची पोळी, घालतो, आता जरा बरं आहे. तुम्हाला हसू आलं असेल तर मावशींना दिसेल, लपवू नका.)

पुएर्तो ओर्दासला एक डोळ्यांची डॉक्टरीण आहे, ती सरळ सोन्यात पैसे घेते. इथून बसने एक दिवस. तुम्ही या, मी नेतो. माझ्याकडे आता शस्त्रक्रियेपुरतं सोनं जमत आलंय. नसेल यायचं तर मराकायच्या डॉक्टरला द्या. कण पुन्हा पाठवतोय, नव्या पुडीत. पुडी ठेवून घेतलीत तरी चालेल, पण आतलं परत पाठवू नका.

मावशी, पुढचं मोठ्याने वाचू नका. ते खरंच खुर्चीशी बोलतात का हो? की एउलोहिया रंगवून सांगते?

येंडर


ला पाल्मिता, ५ सप्टेंबर

बाबा, आशीर्वाद.

पुन्हा तेच. सोनं वर्तमानपत्रात, नोट इस्त्रीखाली. या वेळी निरोप मोठा होता. एउलोहियाने तो अगदी तुमच्या आवाजात म्हणून दाखवला, हनुवटी वर करून: "मी आयुष्यात पगाराशिवाय कुणाचं काही घेतलं नाही. बायकोच्या बापाकडूनही नाही. पोराकडून घेऊ?"

बायकोच्या बापाकडे द्यायला होतं काय, एक गाढव! ते आजोबांनी देऊ केलं होतं, आणि तुम्ही नको म्हणालात म्हणून आई मरेपर्यंत त्या गाढवाचं नाव काढायची.

बरं. भांडण बाजूला ठेवतो, कारण इथे एक भारी गोष्ट झालीय आणि ती तुम्हालाच सांगायला हवी.

निनोस्का वैतागल्या होत्या. दुकानात गर्दी, पंखा लावला तर सोनं उडतं, बंद केला तर गिऱ्हाईक घामाने चिडतं. मेणबत्ती घ्यायला आलेल्या पोरीलाही चिमट्याने कण तोलून द्यायचा. तेल लागलेल्या बोटाला कण चिकटला की कुणाचा, यावर वाद. त्यांनी एक दिवस रस्त्यावरच्या लाखाच्या नोटा गोळा केल्या, मागच्या बाजूला पेनने लिहिलं, "ही आणणाऱ्याला एक पुंतो. निनोस्का." आणि सुट्ट्याऐवजी द्यायला लागल्या. सोनं त्यांच्या पत्र्याच्या डब्यात, चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या खिशात. कधीही या, चिठ्ठी द्या, कण घ्या.

बाबा, आठवड्याच्या आत सगळं गाव ती चिठ्ठी घ्यायला लागलं. मी घेतो, खानावळवाली घेते, डास मारायचा धूर फवारणारा घेतो. पाद्री दानपेटीत घेतो! पंखा जोरात चालू. आणि कण मागायला परत जातंय कोण? कुणीच नाही. "डब्यात आहे ना, असू दे," म्हणतात.

तुम्ही आता काय म्हणणार ते मला ऐकू येतंय. पण थांबा. ही नोट नाही. ही सोन्याची पावती आहे. निनोस्काकडे डबा आहे, आणि डबा उघडून दाखवा म्हटलं तर त्या दाखवतात. तुमच्या गव्हर्नरला कुणी डबा दाखव म्हटलं तर? तेव्हा जिंकलं सोनंच. कागद फक्त त्याचं ओझं वाहतोय, गाढवासारखा. ते आजोबांचं गाढव शेवटी कामाला आलं म्हणायचं.

एउलोहियाच्या हाती चिठ्ठीचा एक नमुना पाठवतोय. सोनं नाही पाठवत या खेपेला. तुम्ही दमवलंत मला. पण ते इथे तुमच्या नावाने बाजूला ठेवलंय, आणि मी ते खाणार नाही, पिणार नाही, त्यासाठी तुम्हाला माझ्यावर भरवसा टाकावा लागेल.

हे वाक्य लिहिल्यावर मीच जरा थांबलो. असो.

डोळा कसा आहे ते या वेळी तुम्ही स्वतः सांगा. एउलोहियाला उगाच "बरा आहे" सांगू नका. तिने मागच्या खेपेला तुमच्यासमोर हाताची बोटं धरून विचारलं होतं किती, आणि तुम्ही म्हणालात, "बाई, तुम्ही आज लाल का घातलंत?"

येंडर


ला पाल्मिता, १ ऑक्टोबर

बाबा, आशीर्वाद.

आज शून्यं कापली. सहा. सकाळी रेडिओवर सांगितलं. निनोस्काच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "दहा लाखाचा एक झाला," आणि सगळे आपापल्या कॉफीकडे वळले. गावात त्याने काही फरक पडला नाही. गावाचं लक्ष गेल्या आठवड्यापासून दुसऱ्याच गोष्टीत आहे.

तुम्ही चिठ्ठी चाचपून हसलात हे एउलोहियाने सांगितलं. "मोठ्याने हसला," म्हणाली, "दात दिसले." आणि निरोप: "सांगा त्या अर्थमंत्र्याला, सगळ्या नोटा अशाच सुरू झाल्या. या चिठ्ठीवरची शाई मी थुंकीने पुसली. पुढे काय होणार ते त्याला महिन्याच्या आत कळेल."

महिना नाही लागला. गेल्या शनिवारी कुणीतरी खोट्या चिठ्ठ्या आणल्या. अवघड काय आहे, लाखाच्या नोटा रस्त्यावर पडल्यात, पेन कुणाकडेही असतं, आणि निनोस्का सही कशी करतात तर शाळेतल्या पोरीसारखी. आधी एक सापडली. मग चार. मग बातमी फुटली, आणि दुपारपर्यंत दुकानासमोर अख्खं गाव रांगेत: आमचे कण द्या. खाणीतून माणसं चिखलाच्या अंगाने पळत आली. पाद्री दानपेटी घेऊन रांगेत. माझ्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक अर्धं डोकं भादरलेलं तसंच उठून गेलं, अजून तसंच फिरतंय.

निनोस्कांनी डबा काउंटरवर ठेवला, पंखा बंद केला आणि द्यायला सुरुवात केली. मी कानात म्हटलं, "अहो, खोट्या कुठल्या ते बघून तरी द्या."

"कशा बघू? मलाच ओळखू येत नाहीत."

"मग सांगा, बंद. उद्या या."

"उद्या या म्हटलं की माझं नाव मेलं. सोनं परत मिळेल रे पोरा."

सगळ्यांना दिलं. खऱ्यांना, खोट्यांना, संध्याकाळपर्यंत. डब्याचा तळ दिसायला लागला तशी रांगच पातळ झाली. मागचे लोक म्हणायला लागले, देतेय तर खरी, मग आम्हाला घाई नाही. आणि परत गेले, चिठ्ठ्या खिशात घालून.

बाबा, मी सोन्याच्या बाजूचा आहे, होतो, राहीन. पण त्या दिवशी लोक जे खिशात घालून परत गेले ते सोनं नव्हतं. ते काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल, तुम्ही तीस वर्षं तेच तपासत बसला होता.

रविवारी निनोस्का म्हणाल्या, "तुझा बाप नोटांच्या छापखान्यात होता ना? त्याला विचार, चिठ्ठी खोटी करता येणार नाही अशी कशी करायची."

"ते माझ्याशी बोलत नाहीत."

"माझ्याशी बोलतील," म्हणाल्या, आणि एउलोहियाच्या ट्रककडे गेल्या. काय निरोप धाडला ते मला सांगितलं नाही. तुमच्याकडे आला असेल एव्हाना. तर त्यांना जे काय सांगायचं ते सविस्तर कळवा. जाड शाई की बारीक, शिक्का की आकडे. पत्रात लिहून

थांबा, ट्रकचा हॉर्न. एउलोहिया आज कशी? तिची खेप अजून

 

ओमाइरा मावशी,

आता हे पत्र तुमचं एकटीचं. मोठ्याने वाचायची गरज उरली नाही, आणि ते तुम्हाला आधीपासून माहीत होतं. कारण बाबांच्या शर्टाला इस्त्री तुमच्या हातची आहे आणि पिशवीतली तळहाताएवढी केळ्याची भजीही तुमचीच. एका शब्दाने सांगितलं नाहीत ना!

एउलोहियाने दुकानासमोर ट्रक उभा केला आणि ओरडली, "येंडर! तुझा माल उतरवून घे! सांभाळून, नाशवंत आहे!"

ट्रकमधून आवाज आला, "नाशवंत तुम्ही."

आवाज बाबांचा होता. त्यांनी दार चाचपलं, पाय खाली सोडला, जमीन सापडेना. मी धावत जाऊन दंड धरला. कुणाचा हात आहे ते त्यांना कळलं, कारण ते ताठ झाले. पण हात सोडवून घेतला नाही.

छातीशी बिस्किटांचा डबा धरलेला. त्यात छापखान्यातला एक जुना लाकडी ठसा, शाईची बाटली, आणि मी पाठवलेल्या पुड्यांच्या नोटा. प्रत्येकीला इस्त्री, एकीवर एक. ठशाखाली पहिल्या त्याच जाणार म्हणे.

निनोस्का बाहेर आल्या. चिठ्ठ्या छापायच्या कामावर त्यांनीच बोलावलं होतं, हे मला तेव्हा कळलं. तर हे विचारतात, "गव्हर्नर तुम्हीच का?"

"मीच. प्रवास बरा झाला?"

"टोमॅटोंना विचारा. मजुरी कशात देणार?"

"सोन्यात."

"तोलून?"

"तुमच्यासमोर. आणि काम झालं की पुएर्तो ओर्दासला डॉक्टरणीकडे सोडायची गाडी माझी."

मला वाटलं, आता नाही म्हणतील, गाढव नाकारलं तसं. मग म्हणाले, "मजुरी असेल तर हरकत नाही." आणि दुकानात पाय टाकताच, "पंखा बंद करा. शाई सुकते."

मी हे काउंटरच्या कोपऱ्यात उभ्याने लिहितोय, बटाटे उतरवून होईपर्यंत. एउलोहिया परतताना घेऊन येईल. तुम्हाला कळवायचं एवढंच की ते सुखरूप पोचले. आता खुर्चीत बसलेत, माझ्याच, आणि म्हणतायत मानेवरचे केस वाढलेत. मी कात्री शोधत होतो. म्हटलं, हीच वेळ आहे, आशीर्वाद मागावा. तोंड उघडलं नाही तोच टॉवेलखालून आवाज आला, पेपरमधून यायचा तसा,

"देव भलं करो तुझं. आणि शिंकू नकोस."

येंडर